चपला हातात घेऊन येऊ नकोस

ताई,

मी घरातच आहे, आतल्या खोलीत. समोर बोलायला गेलो की शब्द फुटत नाही, म्हणून हे खरडतोय.

जेवण झाकून ठेवलंय. मीठ जरा जास्त पडलंय, सांभाळून घे.

तू ड्युटीवरून आलीस की चपला हातात घेऊन मांजराच्या पावलांनी आत शिरतेस. पेशंटची झोप मोडू नये, ही तुम्हा नर्सेसची सवय. पण मी जागाच असतो गं. तू ‘बरं वाटतंय का?’ विचारशील आणि मला उत्तर सुचणार नाही, म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतो. मग तूही आवाज न करता एकटीच जेवतेस. घरात दोघं असून घर ओस पडल्यासारखं वाटतं, आणि अंगातलं उरलंसुरलं बळही जातं.

आज पूर्वीसारखी भांडी आपट. मावशीला फोन लावून माझ्या नावाने खडे फोड. उलट बोलायचं त्राण नाहीये माझ्यात, पण मला ऐकायचंय.

ओरडायला निमित्त हवं, म्हणून ओला टॉवेल तुझ्या पलंगावर टाकलाय. हो, आज अंघोळ केली. त्याचं कौतुक नको करूस. टॉवेलवरूनच ओरड.