डेरेकचा पाय रोज तीनदा तुटतो

ब्रिस्टल, १२ मार्च २००६

प्रिय वरदा,

पत्र बघून दचकू नकोस. मी आहे तसाच आहे, आणि हट्ट तर अगदी शाबूत आहे असं तुझ्या आईचं म्हणणं. डायबेटिसनं सडत चाललेला हा डावा पाय गुडघ्याखालून काढायलाच हवा, असं दोन सर्जननी सांगितलं. मी 'माझा पाय, माझं मी बघीन' म्हणून अडून बसलो आणि तू फोन आपटलास. तीन आठवडे झाले त्याला. त्यावर नंतर बोलू, आधी एक गंमत ऐक.

रविवारी सोफ्यावर बसून आपण नेपोलियनच्या लढायांची सिरियल बघायचो, आठवतं? दर भागात कुणाचा तरी पाय तोफेनं उडायचा. तू उशीमागे लपायचीस आणि मी टीव्हीतल्या डॉक्टरवर खेकसायचो, अरे गाढवा, आधी मांडीला आवळून बांध! आई म्हणायची, संडेला तरी हॉस्पिटल बंद ठेवा. तर तसल्याच एका नव्या सिरियलचं शूटिंग चाललंय, आणि कुठे? माझ्या एका जुन्या पेशंटच्या शेतात, घरापासून अर्ध्या तासावर! त्यानं बोलावल्यावर मी कसला थांबतोय. लायब्ररीत जातो अशी थाप मारून टॅक्सी केली.

अगं, काय ती दुनिया! शेत म्हणे स्पेनमधलं, आणि मेंढ्या मध्ये येऊ नयेत म्हणून दोन माणसं नुसती हाकलायला. फ्रेंच आणि इंग्लिश शिपाई एकाच टेबलावर बेक्ड बीन्स खात होते. मी सगळ्यांना प्रश्न विचारून भंडावलं. रक्त कशाचं? साखरेच्या पाकाचं, म्हणजे मला वर्ज्यच! करवत खरी का? खरी, फक्त बोथट केलेली. त्या काळी भूल न देता दोन-तीन मिनिटांत पाय उतरवायचे, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ती करवत हातात घेतली आणि लगेच परत ठेवून दिली.

मग तोफ धडाडली. धूर विरला तर एक शिपाई चिखलात पडलेला, गुडघ्याखाली काहीच नाही, आणि किंचाळणं असं की काय सांगू. चाळीस वर्षांची सवय गं, मला कॅमेरे दिसलेच नाहीत. काठी टेकत, लंगडत थेट रणांगणात घुसलो, गळ्यातला मफलर काढला आणि त्याच्या मांडीला आवळायला लागलो. नेपोलियनच्या युद्धात तुझा बाप, माकडटोपी घालून! सगळं सैन्य खो खो हसत सुटलं. तो जखमी शिपाईसुद्धा.

तेव्हा कळलं की असली कामं पाय नसलेल्या माणसांनाच देतात. त्यांना खोटा पाय बांधायचा आणि तो स्फोटात उडवायचा. हा शिपाई म्हणजे डेरेक, कार्डिफचा पोस्टमन, मोटरसायकलच्या अपघातात पाय गेलेला. माझा पाय रोज तीनदा तुटतो डॉक्टर, पण लंच फुकट, असं म्हणून त्यानं डोळा मारला, आपला नेहमीचा पाय चढवला आणि चहाला निघाला. मी त्याच्या मागे. वरदा, मला त्याला गाठता येईना. तो चिखलातून झपाझप पुढे, आणि दोन पायांचा मी धापा टाकत मागे. शेवटी तोच माझ्यासाठी थांबला.

चहा पिताना मी त्याला सगळं विचारलं. जाग आल्यावर काय वाटलं, चालायला किती दिवस लागले, नसलेला पाय खाजतो का. शेकड्यांनी पाय उतरवले असतील मी, पण यातला एकही प्रश्न कधी कुठल्या पेशंटला विचारला नव्हता. लाज वाटली. तो म्हणाला, बाकी सगळं जमतं, फक्त पहिल्या दिवशी आपलं कुणीतरी जवळ लागतं.

परवा मी कागदांवर सही केली. येत्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन. आई आधी रडली, मग माझ्याशी भांडली, म्हणजे तिची काळजी नाही. तुला फोन केला असता, पण फोनवर मी पुन्हा सर्जनसारखा बोललो असतो. तुझ्यावर चिडलो ते चुकलं माझं. तू बरोबर होतीस, आणि मला भीती वाटतेय गं, फार भीती वाटतेय. बुधवारीच हॅरोहून नीघ. मी डोळे उघडीन तेव्हा तू समोर हवीस.

तुझाच,
बाबा