एकतीस शब्द

अवधपुरी, भोपाळ
९ नोव्हेंबर २०१४

प्रिय सुचेता,

तुझा प्रबंध मिळाला. कॉम्प्युटरवर वाचायला डोळे साथ देत नाहीत, म्हणून पिपलानीत जाऊन दोनशे चाळीस पानं छापून आणली, वर बाइंडिंगही करून घेतलं. तुझी आई म्हणाली, माझं एक पत्र तरी इतकं जपलं होतंत का? ती बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण शेजारच्या इंदुमतीबाईंबरोबरची संध्याकाळची चक्कर चुकवत नाही. वीस तारखेला तू प्रबंध दाखल करणार, हे तिने साऱ्या कॉलनीत सांगून टाकलंय. ‘हमारी बिटिया डॉक्टर बन रही है’ ऐकून दूधवाल्याने परवा तिच्याकडेच कंबरदुखीवर औषध मागितलं.

पहिल्याच पानावर ‘अचूकतेची सवय लावणाऱ्या बाबांना’ असं लिहिलंयस. तिथे दोन दिवस अडकलो. मग पुढचं वाचलं, मला झेपेल तेवढं. कोट्यवधी लोक बोलतात ती हौसा आणि चार खेड्यांतली ही दुर्झा, दोघी चाडिक भाषाकुळातल्या, हे समजलं. दुर्झा स्वतंत्र भाषा की टेकडीपलीकडच्या भाषेची नुसती बोली, हे आजवर कोणी ठरवलं नव्हतं, हेही समजलं. दोन वर्षांपूर्वी तू नायजेरियात त्या खेड्यांत जाऊन आलीस, तेव्हा एकच म्हातारा भेटला आणि त्याला दहापर्यंत आकडेच काय ते आठवत होते. म्हणजे पुरावा उरला तो माझ्या ट्रंकेतल्या त्र्याऐंशी सालच्या तक्त्याचा. त्यातल्या शंभर शब्दांपैकी एकाहत्तर पलीकडच्या भाषेशी जुळतात, म्हणून दुर्झा बोलीच, असा तुझा निष्कर्ष आहे. तू तो नीट, पायरीपायरीने काढला आहेस.

त्या तक्त्याची गोष्ट मी तुला लहानपणी रंगवून सांगायचो. कारखान्याने मला ट्रान्सफॉर्मर तपासायला तिकडे धाडलं आणि ट्रान्सफॉर्मर दोन महिने बंदरातच अडकले. तिथल्या विद्यापीठातला एक मास्तर छापील तक्ता घेऊन कॅम्पात आला. डोकं, पाणी, विस्तव, आई, असे शंभर शब्द. त्यांच्यापुढे दुर्झा शब्द भरून टपालाने पाठवा म्हणाला. मी रिकामा होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं. आमचा पहारेकरी दांजुमा दुर्झा बोलणारा. साठीचा, सडपातळ, कमालीचा हट्टी. कडुनिंबाखाली बसून शब्द दोनदा म्हणायचा, माझ्याकडून म्हणवून घ्यायचा आणि माझे उच्चार ऐकून पोट धरून हसायचा. पण एखादा शब्द आठवला नाही तर त्याऐवजी हौसातला चालवून घ्या, असं त्याने कधी केलं नाही. घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच काय ती दुर्झा बोलत. बाजाराच्या दिवशी तिला विचारून सांगतो म्हणायचा. हे मी तुला सांगितलेलं आहे.

सांगितलं नाही ते आमच्या इन्स्पेक्शन विभागाचं. आमच्याकडे तपासणीच्या कागदावर एक रकाना जरी मोकळा दिसला तरी अख्खा कागद परत यायचा, आणि सोबत साहेबांची बोलणी. तुझ्या शाळेच्या फॉर्मवरसुद्धा मी जागोजागी ‘लागू नाही’ लिहायचो आणि तू लाजून माझ्या मागे लपायचीस. सगळी नोकरी मी मोकळ्या रकान्याचा एकही कागद पुढे पाठवला नाही. निरोप समारंभात याच गोष्टीसाठी टाळ्या वाजल्या. त्या मला आवडल्या होत्या, खोटं कशाला बोलू?

सुचेता, दव, कोपर, वाळवी, असे एकतीस शब्द दांजुमाला आठवले नव्हते. ते मोकळे रकाने मला बघवेनात. आमचा स्वयंपाकी टेकडीपलीकडचा होता. एका दुपारी त्याला विचारून त्याच्या भाषेतले शब्द मी एकतीसही रकान्यांत भरले, खाली सही ठोकली आणि तक्ता टपालात टाकला. तुला सापडली ती त्याची कार्बन कॉपी. चार दिवसांनी दांजुमा बहिणीकडून सगळे शब्द पाठ करून, बारा मैल चालत आला. मी म्हटलं, आता गरज नाही, काम झालं. तरी तो तसाच उभ्याने म्हणू लागला, एकेक शब्द दोनदा. समोर कागद होता, खिशात पेन होतं. मी मान डोलवत राहिलो आणि लिहिलं काहीच नाही. आज त्यातला एकही आठवत नाही. पानामागे त्या एकतीस शब्दांचे क्रमांक दिलेत. ते काढलेस की एकोणसत्तरातले चाळीसच जुळतात, आणि इतक्यावर दुर्झाला बोली म्हणता येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. वीस तारीख जाऊ दे. तुझी चार वर्षांची मेहनत मी मोडतो आहे, याची मला लाज वाटते. हे पत्र तुझ्या सरांना दाखव आणि अर्पणपत्रिकेतून मला काढ. दांजुमा गेला, त्याची बहीण गेली. त्यांची भाषा माझ्या सहीने दुसऱ्याच्या नावावर जाऊ देऊ नकोस.

तुझाच,
बाबा