लाइनेच्या बाजूची भिंत

मी, साल्मे किविस्टिक, वय वर्षे सत्त्याहत्तर, विधवा, राहणार विल्यांडी, तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या पिवळ्या लाकडी घराचा उत्तरेकडचा अर्धा भाग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. डोके शाबूत आहे. गुडघ्यांविषयी कायदा काही विचारत नाही, म्हणून मीही सांगत नाही. घरी लिहिलेले मृत्युपत्र आपल्या देशाच्या कायद्याने सहा महिन्यांत बाद होते. त्यामुळे घर तापवणाऱ्या भट्टीचा मोसम सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा मी ते नव्याने लिहिते. नोटरीकडे गेलीस तर कायमचे काम होईल, असे माझा मुलगा उर्मास म्हणतो. गेले होते. नोटरीबाईंनी माझी निम्मी वाक्ये खोडली. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, आणि त्यांत माझ्या बहिणीबद्दल जे जे लिहिले होते तेही.

१. घर. माझा अर्धा भाग उर्मासला मिळावा, पण पुढे लिहिलेल्या अटींसह. अटी समजायच्या तर थोडे मागचे सांगावे लागेल.

लाइने माझी थोरली बहीण. आई गेल्यावर घराची वाटणी झाली. दक्षिणेची बाजू सफरचंदाच्या झाडांसकट तिला, उत्तरेची मला. हे घर थंडीत तगते ते मधल्या भिंतीच्या जोरावर. ती भिंत म्हणजेच भट्टी आहे. विटांच्या पोटातून धूर वर-खाली फिरत धुराड्यात जातो आणि भिंत दोन्ही अंगांनी तापते. तोंड मात्र तिला एकच, आणि ते माझ्या स्वयंपाकघरात आहे. वाटणी करणाऱ्या वकिलाने झाडे मोजली, भट्टीच्या तोंडाचा विचार त्याच्या मनात आला नाही. लाइनेच्या मनात आला तो पहिल्या थंडीत.

"म्हणजे आता मी तुझ्या मेहेरबानीवर शेकत बसायचं का गं?"

"तुझी सफरचंदाची झाडं आहेत ना? ती जाळ," मी म्हणाले.

तिने मधला दरवाजा खिळे ठोकून बंद केला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही, आणि या गोष्टीला एकोणीस हिवाळे झाले.

बोलणे बंद झाले, भट्टी बंद झाली नाही. भिंतीवर पलीकडून एक ठोका पडला की गार आहे. दोन ठोके म्हणजे भाजते आहे. तीन ठोक्यांचा अर्थ मला ठाऊक आहे, पण तो मृत्युपत्रात लिहिण्यासारखा नाही. दर शरद ऋतूत माझ्या मागच्या दाराशी बर्चची बारीक फोडलेली लाकडे रचून ठेवलेली असतात. कोण ठेवते हे मी विचारलेले नाही आणि तिने सांगितलेले नाही.

२. हीट पंप. हा उर्मासने स्वतःच्या हौसेने माझ्या स्वयंपाकघरात बसवला, तो त्यालाच परत जावा. यंत्र चांगले आहे, थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार हवा सोडते, एवढे मी मान्य करते. जाळी महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावी. मी ती दीड वर्ष धुतली नव्हती. दुरुस्तीवाल्याने ती बाहेर काढली तेव्हा आत मांजर बसल्यासारखे दिसत होते. बाहेरच्या पेटीवर बर्फ धरला तर यंत्राला तो स्वतः वितळवू द्यावा, कुऱ्हाडीने फोडू नये. उर्मास, हे वाक्य तुझ्यासाठी आहे.

पंप आल्यावर मला भट्टीची गरज उरली नाही. तरी मी ती रोज पेटवते. मग स्वयंपाकघर इतके तापते की एकदा मार्चमध्ये मी पंप गार हवेवर लावला. नेमका तेव्हाच उर्मास टालिनहून आला.

"आई, बाहेर उणे तीन आहे आणि तू एसी लावून बसलीयेस?"

"उकडतंय मला."

"मग भट्टी कशाला पेटवलीस?"

"भिंतीसाठी."

"अगं, पाडून टाकू ती भिंत! केवढी जागा मोकळी होईल. मावशीकडेही एक पंप बसवून देतो."

मावशीकडे पंप बसवायला तो गेलाही होता. वाऱ्याच्या झोताने मान धरते, असे सांगून तिने त्याला सफरचंदांची पिशवी दिली आणि वाटेला लावले.

३. गेल्या जानेवारीत जे घडले त्यामुळे हे मृत्युपत्र त्याआधीच्यांपेक्षा वेगळे आहे. मी बाजारात बर्फावर घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. तिथूनच मला रुग्णवाहिकेतून दवाखान्यात नेले. उर्मास धावत आला. लाइनेला कळवायचे आमच्या दोघांच्याही ध्यानात आले नाही. भिंत गार होत गेली. तिने ठोका दिला, मग आणखी दिले. शेवटी तिने उर्मासला फोन लावला.

"गेली ना तुझी आई? आणि मला सांगायची तुझी हिंमत झाली नाही?"

"मावशी, आई दवाखान्यात आहे. आत्ता वाटाण्याचं सूप पितेय."

उर्मास सांगतो, पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"बरं. मग तिला सांग, भिंत गार पडलीय."

त्याच्याकडून किल्ली घेऊन ती बर्फातून वळसा घालून माझ्या दारी आली आणि तिने भट्टी पेटवली. धुराची झडप उघडायची असते हे ती विसरली. आयुष्यात तिने ती कधी उघडलीच नव्हती. घरभर धूर झाला. रस्त्याने चाललेल्या अर्वोने, म्हणजे आमच्या धुराडे साफ करणाऱ्याने, तिला खोकत खोकत बाहेर आणले. मी कुबड्या घेऊन घरी परतले तेव्हा छत काळे झाले होते आणि भिंत उबदार होती. छत मी रंगवू दिलेले नाही, माझ्या हयातीत रंगवू नये.

माझी बहीण मी मेले असे समजून बसली होती, आणि तेही एकटी, गार भिंतीला पाठ लावून. हे आठवले की मला अजून रडू येते. तिच्याशी बोलायला मला अजून जमलेले नाही. बोलायचे म्हटले की सफरचंदांचा विषय आडवा येतो.

४. म्हणून अटी अशा. लाइने हयात असेपर्यंत भिंत पाडू नये, कापू नये, तिच्यावर कपाट ठोकू नये. आतल्या विटा ढिल्या झाल्या आहेत, त्या येत्या उन्हाळ्यात बदलाव्यात आणि भेगा चिकणमातीनेच बुजवाव्यात. सिमेंट तापले की तडकते. माझ्या स्वयंपाकघराची किल्ली आणि भट्टी पेटवण्याचा हक्क लाइनेला तहहयात राहील. झडप पेटवण्यापूर्वी उघडावी आणि निखाऱ्यांवरची निळी ज्योत पूर्ण विझल्याशिवाय बंद करू नये, नाहीतर विषारी वायू घरात साठतो. हे तिला अर्वोने शिकवावे. माझ्याकडून ती शिकणार नाही. तिला वाकणे जमेनासे झाले, तर उर्मासने पगारी माणूस ठेवावा.

५. सळई, काजळीचा ब्रश आणि राखेची बादली अर्वोला द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून ती आज दुपारीच देऊन टाकली. बचतीतून माझे अंत्यसंस्कार व्हावेत, उरेल ते विटांसाठी वापरावे. मागच्या दारातली लाकडे ज्याची त्याला परत जावीत.

६. मी थंडीच्या दिवसांत गेले, तर उर्मासने कोणालाही फोन करण्याआधी भट्टी पेटवावी. डॉक्टर थांबेल, मीही थांबेन. भिंत नीट तापू द्यावी. मग टोपी हातात घेऊन पुढच्या दाराने लाइनेकडे जावे, तिला खुर्चीत बसवावे आणि तोंडाने सांगावे. तिला ते भिंतीकडून कळू नये. एकदा कळले आहे तिला.

वरील सर्व मजकूर माझा आहे आणि खाडाखोडही माझीच आहे.

सही: साल्मे किविस्टिक

बाईंनी आमच्यादेखत सही केली. त्या शुद्धीवर आहेत आणि आमच्या माहितीप्रमाणे नेहमीच असतात.

साक्षीदार:
१. अर्वो टाम्मेमाए, धुराडे सफाई, विल्यांडी
२. माइरे लोओरित्स, शेजारीण, विल्यांडी

स्थळ: विल्यांडी
दिनांक: १ ऑक्टोबर २०२३