नऊ फुटांची वायर

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला हात आपोआप वळतो, पण ठीक नाही. गेल्या महिन्यात लाकडाचा ट्रक घेऊन उतरताना यांना घाटात छातीत दुखायला लागलं. नवव्या वळणावर गाडी कशीबशी कडेला घेतली आणि स्टिअरिंग धरून दोन तास बसून राहिले. मागून दुसरा ट्रक आला म्हणून निभावलं. मला कळलं तोवर हे दवाखान्यात पोचलेही होते. मी आपली शिलाईखोलीत गणवेशांना काजं करत बसले होते.

डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणून बजावलंय. हे म्हणतात, हा हंगाम संपू दे, घरी बसून काय तुझ्या मशीनला तेल घालू? मी वाद घालायचं सोडून दिलंय. घाटात मोबाइल लागत नाही. त्या प्रसंगानंतर वखारवाल्यांनी सगळ्या ट्रकांत सीबी रेडिओ, म्हणजे ड्रायव्हरांनी आपसांत बोलायचे सेट, बसवलेत. तसाच हातात धरायचा सेट मी घेतला, तर मी घरी असो की शिलाईखोलीत, यांचा आवाज सोबत राहील. दुकानदार एका खोक्यावर छापलेले तीस किलोमीटर दाखवतो. आमचा घाट सरळ मोजला तर आठच भरेल. घेऊ का? जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला भाऊ असताना दुसऱ्या कुणाला विचारू? आणि तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. मला फक्त नववं वळण ऐकू यायला हवं.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
चिंगी


दि. १० फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. मेहुण्यांना सांग, मशीनला तेल घालणं वाईट काम नाही.

आता सेटचं ऐक. खोक्यावरच्या आकड्याला भुलू नकोस. ते तीस किलोमीटर मोकळ्या समुद्रावरचे असतील, तेही छापणाऱ्याच्या मनातले. हातातल्या सगळ्या सेटांची ताकद सारखीच, चार वॅट. फरक पडतो तो अँटेनाने आणि उंचीने. सेटबरोबर करंगळीएवढी रबरी अँटेना येते, ती गल्लीच्या टोकापर्यंत पुरेल. म्हणून पहिला प्रश्न हा विचार, की अँटेना स्क्रूची आहे का, काढता येते का? नाही म्हणाला तर तसाच दुकानाबाहेर पड. हो म्हणाला तर तिच्या जागी हातभर लांबीची, ओढून मोठी होणारी अँटेना घे. अँटेना बसवल्याशिवाय बोलायचं बटण दाबलंस तर सेट जळेल, हे विसरू नकोस.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. अँटेनाच्या बुडाशी जी धातूची कडी असते तिला नऊ फूट तांब्याची वायर जोड. अँटेना हा अर्धा भाग, ही वायर दुसरा अर्धा. कशी जोडायची ते खाली कोपऱ्यात चित्र काढून दाखवलंय. तुझी वहिनी हसते आहे, की माणूस वापरलेलं पाकीट उलटं करून त्यावर पत्र लिहितो आणि वर चित्रंही काढतो. हसू दे. तू मात्र चित्रात दाखवलंय तस्संच कर, स्वतःचं डोकं चालवू नकोस.

पत्र पाठवण्यात आळस करू नये, एवढाच लोभ मागतो.

तुझा,
दादा


दि. २६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सेट घेतला, स्क्रूच्या अँटेनाचा. दुकानदार म्हणाला, बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, आहे आमचं एक माणूस. वायरही जोडली, अगदी तुझ्या चित्राबरहुकूम, एक वेढा इकडचा तिकडे नाही.

हे प्रत्येक वळणावर नुसता आकडा सांगतात आणि मी कापायच्या टेबलावर खडूने रेघ मारते. शिलाईखोलीतल्या बायका आता रेघा मोजायला लागल्यात. पण पाचव्या वळणापुढे नुसती खरखर. सहापासून अकरापर्यंत काही म्हणजे काही नाही. हे म्हणतात, पाच तर पाच, पूर्वी काय होतं? माझा मात्र पाचनंतर सुईत दोरा जात नाही. काय करू ते कळव.

वहिनीला सांग, तिची आठवण येते. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
चिंगी


दि. ३ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

डोंगर मध्ये आला की त्यापुढे कुणाचं काही चालत नाही. तू चोख केलं असणार याची खात्री आहे. पत्र्याच्या छपराखाली उभी राहू नकोस. जवळ पाण्याची टाकी असेल तर तिच्या पायऱ्या चढून बघ, उंचीने दोन वळणं तरी वाढतील. घाईत आहे, वहिनीला डोळे दाखवायला न्यायचंय.

तुझा,
दादा


दि. २४ मार्च

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून दचकू नका. मी घरी आहे, बरा आहे, उशीला टेकून लिहितोय. अक्षर ट्रक चालवणाऱ्याचं आहे, सांभाळून घ्या.

बारा तारखेला पुन्हा तेच झालं, त्याच नवव्या वळणावर. त्या दिवशी घाटात माझा एकच ट्रक होता. मी सेटवर तिला चार वेळा हाक मारली. ती तेव्हा तुमच्या सांगण्याप्रमाणे टाकीच्या पायऱ्यांवर उभी होती, सेट कानाला लावून, आणि तिला नुसती खरखर येत होती. जंगलखात्याचा चौकीदार तिकडून आला म्हणून मी आज लिहितोय.

पडल्या पडल्या सेट हातात घेऊन बघत होतो. वायर सात वेढे घालून, दोऱ्याने नीट बांधून ठेवलेली. आम्हा ड्रायव्हरांना एवढं कळतं, की ती मोकळी लोंबायला हवी. सोडली आणि खिडकीत धरली, तर अकराव्या वळणावर दोघे ड्रायव्हर टायरवरून भांडत होते ते शब्दन्‌शब्द ऐकू आलं. तिला विचारलं, ही गुंडाळी कशी? म्हणाली, माझाच वेंधळेपणा, लोंबती वायर बरी दिसेना. पुढे मशीनच्या खणात तुमचं पाकीट सापडलं. चित्रात सात वेढे आहेत.

दादा, हा आरोप नाही. तिने मला सांगितलं नाही आणि तुम्हालाही कधी सांगणार नाही. तिला वाटतंय, चित्र बरोबरच असणार, आपल्यालाच ते वाचता आलं नाही. सेटला ती आता हात लावत नाही. गाडी मी सोडली. पण एक तारखेपासून वरच्या डेपोत लाकूड मोजायला जायचंय, नव्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून, त्याच घाटातून. तिचं मन माझ्या दहा शब्दांनी हलणार नाही, तुमच्या एकाने हलेल. मी लिहिल्याचं तिला कळू देऊ नका.

आपला लोभ मला तिच्यामुळे मिळाला, तो तिच्यासाठीच वापरा.

आपला,
मेहुणा


दि. ३० मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत गुंडाळी पाठवली आहे ती आधी उघड, मग हे वाच.

चूक तुझी नाही, माझी आहे. पाकिटाच्या कोपऱ्यात जागा उरली नव्हती. दुसरा कागद घ्यायचा सोडून मी नऊ फुटांची वायर सात वेढ्यांत बसवली, आणि वर लिहिलं की चित्रात आहे तस्संच कर. तू तस्संच केलंस. लहानपणापासून तू माझं ऐकत आलीस आणि मी ते गृहीत धरत आलो. नंतरच्या पत्रात तू 'वेढा' असं स्पष्ट लिहिलं होतंस. मी ते वाचलं. तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. मी डोंगराला दोष दिला आणि मोकळा झालो. चाळीस वर्षं लोकांचे सेट दुरुस्त केले, आणि स्वतःच्या बहिणीचा माझ्या हातून बिघडला. हे कसं फेडायचं ते मला कळत नाही.

मला कुणी सांगितलं हे विचारू नकोस.

दहा नवे कोरे कागद चिकटवून चित्र पुन्हा काढलंय, खऱ्या मापाचं. वायर वरून खाली सरळ, नऊ फूट, एकही वेढा नाही. भिंतीला लाव आणि तुझी वायर त्यावर धरून बघ. वहिनीने कागद धरून मदत केली, एकदाही हसली नाही. सेट हातात घे. दादा सांगतोय म्हणून नाही. मेहुणे हाक मारतील तेव्हा कुणीतरी ऐकायला हवं म्हणून.

जमलं तर मला माफ कर, आणि पत्र लिही.

तुझा,
दादा


दि. ९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चित्र शिलाईखोलीच्या भिंतीला लावलं. आढ्यापासून लावूनही शेवटचा वीतभर कागद जमिनीवर आला. बायका विचारतात हे काय, मी सांगते, आमच्या दादाचं पत्र आहे. तुला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. घरात एकाचं अक्षर ट्रकसारखं आहे आणि त्याच्या बोटांना शाई लागलेली मी पाहिली होती.

माफीचं पुन्हा लिहू नकोस. माझंही चुकलं. पाचव्या वळणापुढे ऐकू येत नाही म्हटल्यावर मी एकदा तरी दोरा सोडून बघायला हवा होता.

चित्र लावूनही चार दिवस सेट खणातच होता. हात पुढे जाईना. काल मात्र हे निघाले आणि मी सेट घेऊन टाकीवर चढले, वायर पायऱ्यांवरून खाली सोडली. एक, दोन करत पाच आलं. मग सहा आलं. सात, आठ. प्रत्येक रेघ मी कठड्यावर मारत होते. नवव्याला यांनी ट्रक थांबवायला लावला. नऊ म्हणाले, आणि मग विचारलं, ऐकू येतंय का? मी आधी कठड्यावर नववी रेघ ओढली. मग बटण दाबून म्हटलं, येतंय.

तू इथे असतास तरी तुला ते ऐकू आलं नसतं, म्हणून लिहून कळवते. आवाज अगदी स्वच्छ आला, दादा.

वहिनीच्या डोळ्यांना जप.

तुझी,
चिंगी