आवाज तुटला नव्हता

३ फेब्रुवारी, सोमवार
नोकरी लागली! येरवड्याहून धायरी म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. पोचेपर्यंत धुळीने ओढणीचा रंगच बदलला. नव्या लोकांत वाटायला अम्मीने डब्यात शामी कबाब जास्तीचे दिले होते.

स्टुडिओ म्हणजे पत्र्याची प्रचंड शेड, आतून काळ्या कापडाने मढवलेली. इथे टीव्हीच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमाचं शूटिंग चालतं. माझ्याकडे वायरलेस इंटरकॉम: प्रत्येकाच्या कमरेला एक डबी, कानाला हेडसेट, आणि एकाचा शब्द दुसऱ्यापर्यंत न चुकता पोचवायचा.

फ्लोअर मॅनेजर प्रियदर्शनी मॅडम सगळ्यांना अहोजाहो करतात आणि त्यातच अपमान उरकतात. म्हणाल्या, आधीचा मुलगा फार हुशार होता, फक्त कामावर येत नसे. छताजवळच्या दिव्यांच्या लोखंडी चौकटी मोटरने खालीवर करतो तो संभाजी. चौकटीखाली उभा राहून किती खाली, किती वर हे त्याला सांगतो तो त्याचा चुलतभाऊ रविराज. दोघे इथलेच, ही जमीनही पूर्वी त्यांचीच. उम्मेहानी हे नाव रविराजला झेपेना, त्याने हानीताई करून टाकलं. मग स्वतःच म्हणाला, हानी म्हणजे नुकसान की ओ, आमचं काय खरं नाही आता! कबाब मात्र सगळ्यात जास्त त्यानेच खाल्ले.

५ फेब्रुवारी, बुधवार
एवढ्या लोखंडात आवाज पोचतो कसा, असं आज रविराज विचारत होता. सांगितलं, आवाजाचे बारीक तुकडे होऊन जातात, आणि तुकडा शाबूत आला की नाही हे ओळखायची खूण त्याच्याबरोबरच असते. एक वाट गजबजली की यंत्रणा आपण होऊन दुसरी मोकळी वाट धरते. लोखंडावर आपटून लहर एका अँटेनाला ऐकू आली नाही, तर दुसरी ऐकते. परकी डबी आत शिरूच शकत नाही. आणि संपर्क सुटलाच, तर कानात लगेच बीप वाजते.

तो म्हणाला, हे आमच्या घरी बसवा. संभाजीदादा माझ्याशी फक्त मोटरपुरतं बोलतो. जमीन विकताना रविराजने आधी सही केली, त्याचा राग आहे. मॅडम म्हणाल्या, जेवताना भाऊबंदकी नको, पचत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी चौकट खाली येत होती. रविराज अडकलेली वायर सोडवायला खाली वाकला आणि म्हणाला, दादा, थांब. मी ऐकलं. मॅडमनी ऐकलं. चौकट येतच राहिली. दादा, थांब. दादा, थांब की रे—

मग बरगड्या. त्याचा माईक चालू होता. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज थेट माझ्या कानात आला. वर घ्या, वर घ्या म्हणून मॅडम किंचाळल्या, तर संभाजीने चौकट आणखी वीतभर खाली घेतली. मग वर. रविराजच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. तेही मला ऐकू येत होते.

संभाजीने सगळ्यांसमोर हेडसेट आपटला. म्हणाला, आवाज तुटला. हिच्या मशिननं माझा भाऊ खाल्ला.

९ फेब्रुवारी, रविवार
यंत्रात बिघाड होता असं लिहून दे, असं स्टुडिओचे मालक म्हणतात. तुला काही होणार नाही, म्हणे.

मॅडम आणि मी आज पुन्हा तपासलं. मॅडम मोटरपाशी, मी रविराजच्या जागी. फरशी धुतली असली तरी सांध्यांत काळं उरलंय. वाकून, वळून, तोंड झाकून बोलले. शब्दन् शब्द पोचला. मॅडम कानात म्हणाल्या, त्याने ऐकलं होतं. उद्या पोलिसांकडे जाऊ, दोघी.

तेवढ्यात हेडसेटमध्ये, आमच्या दोघींच्या बोलण्यामध्ये, कोणीतरी खाकरलं.

चार्जरवर पाहिलं. संभाजीची डबी जागेवर नव्हती.

१० फेब्रुवारी
मॅडम फोन उचलत नाहीत. घरीही नाहीत.

स्टुडिओच्या फाटकाशी संभाजी भेटला. अगदी शांत. "ताई, तुमचं मशिन लई चांगलं हाय. बारीकसारीक समदं ऐकू येतंय." मग शेडकडे बोट केलं. तिथंच आमच्या आईला अग्नी दिला, म्हणाला. रविराजनं ती जागा विकली, अन् आता लोक तिच्यावर नाचत्यात.

त्याच्या नखांत काहीतरी सुकलेलं होतं.

११ फेब्रुवारी
मॅडमचा मेसेज आला. स्टुडिओत या, इथूनच पोलिसांकडे जाऊ. जीव भांड्यात पडला. आले.

त्या मेकअपच्या खुर्चीत आहेत. कपाळ आत गेलंय. पान्याचा घाव असावा. एक डोळा गालावर— रक्त कालचं, सुकलेलं. मेसेज आजचा. फोन त्यांच्या मांडीवर नीट ठेवलेला.

मोठं दार बंद झालं. बाहेरून नाही. आतून.

जिना चढून कंट्रोल रूममध्ये आले. कडी लावली. टेबल दाराला. पत्र्यामुळे इथे मोबाईलला रेंज नाही. चालतो तो फक्त इंटरकॉम. लिहून ठेवते: बिघाड नव्हता. बिघाड नव्हता.

कोणती डबी कोणत्या अँटेनाजवळ आहे ते पडद्यावर नावासकट दिसतं. माणूस चालू लागला की एक अँटेना त्याला दुसरीच्या हवाली करते, शब्द न सांडता.

संभाजी: मोठं दार.

हेडसेट काढवत नाही. काढला तर तो कुठे आहे ते—

बोलतोय. आवाज येतोय का, विचारतोय. म्हणतो, थांब म्हणला ते ऐकलं मी. दर वेळी ऐकलं. गोड लागलं.

संभाजी: जिना.

पाना कठड्यावर घासतोय. अम्मी—

संभाजी: कंट्रोल रूम.

आता दोन आवाज. आधी दारातून, मग किंचित उशिरा, कानात. प्रत्येक घाव दोनदा. टेबल सरकतंय. कडीचे स्क्रू— फळी फुटली, आधी दारात, मग का—