व्याह्यावरचं गाणं

होटगी, २५ जुलै १९३१

तीर्थरूप आईस केराचा दंडवत, वि. वि.

इथं सगळे खुशाल. तुझ्या तोंडाची आठवण मात्र सासरी रोज निघते. लग्नाच्या मांडवात तू सासूबाईंना म्हैस म्हणालीस, तिरळी म्हणालीस, तेव्हा त्याच पदर तोंडाला लावून हसत होत्या. विहिणींच्या गाण्यात एवढं चालतंच. पण मग तू मामंजींवर घसरलीस:

व्याही आमचे शूर गं बाई, मिशीला भारी पीळ
सायबाला माफी लिवताना बसली दातखीळ

गेल्या वर्षी मार्शल लॉमध्ये पांढऱ्या टोपीपायी त्यांना धरलं आणि माफी लिहून घेऊन सोडलं, हे साऱ्या सोलापूरला ठाऊक. या घरात मात्र ते कुणी उच्चारत नाही. आता मामंजी म्हणतात, तुझ्या आईनं लेखी माफी द्यावी, तरच पंचमीला माहेरी धाडीन.

आई, सोलापूरची गाडी गेली की मी अंगणात नुसती उभी राहते. मला तुझ्याजवळ यायचंय गं. पण माफी लिही असं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुझी केरा

सोलापूर, १ ऑगस्ट १९३१

चि. सौ. केरास आईचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून आधी अंगाचा तिळपापड झाला. माझ्या लग्नात माझ्या आईनं गाण्यात माझ्या सासऱ्याला गाढवावर बसवलं होतं, आणि त्यांनी हसून तिला लुगडं दिलं. तुझे वडील म्हणाले, सायबानं टोपीला गुन्हा ठरवलं, व्याह्यांनी गाण्याला, फरक काय? मलाही ते पटलं.

मग भाकरी थापताना ध्यानात आलं. विहीणबाई म्हैस नव्हत्या, म्हणून हसल्या. व्याह्यांचं दुखणं खरं होतं. मांडवात खोट्या शिव्यांना मुभा असते, खऱ्या बोलण्याला ती कुणी दिली?

माफी सोबत आहे. तुझ्याच पुस्तकावरून गिरवलेली अक्षरं अशा कामाला येतील असं वाटलं नव्हतं. तुझ्या वाटच्या दोन भाकऱ्या अजून जास्तीच होतात बघ. माझी मान खाली गेली तर जाऊ दे, तू ये.

तुझी वाट पाहणारी,
आई

होटगी, ८ ऑगस्ट १९३१

सौ. सारजाबाई विहीणबाईंस धोंडीरामाचा रामराम, वि. वि.

आपली माफी पोचली. पुन्हा असं होणार नाही, इथवर वाचलं आणि पुढं वाचवेना. माझ्याकडूनही हेच शब्द लिहून घेतले होते. कोठडीपेक्षा त्याचीच लाज जास्त वाटली होती, आणि तेच मी तुमच्याकडून करवून घेतलं. कागद चुलीत घातला. केराला वाटलं रागानं घातला, ती रडू लागली. मग खरं कारण तिला सांगितलं.

गाणं तुमचं आहे, गाऊ नका म्हणणार नाही. गायलात तर मला लागेल, एवढं सांगून ठेवतो.

पंचमीला माणूस पाठवू नये, केराला मीच घेऊन येतो. लग्नात लोक हसले त्या दिवसापासून मी सोलापुरात पाऊल टाकलेलं नाही. ती बरोबर असली तर स्टेशनाबाहेर पडता येईल, असं वाटतं.

मनात जागा ठेवावी.
धोंडीराम