रिकामा समुद्र

दादा,
जय भीम.

बाबा गेल्यावर तू त्यांचा हर्णैचा फोटो मागितलास, तेव्हा कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं असं मी सांगितलं. ते खोटं होतं. कार्डात समुद्राचे दोनशे फोटो आहेत आणि बाबा एकातही नाहीत.

धनजमध्ये लोक त्यांना चिडवायचे, "बुढा समुद्र पाहून आला म्हने!" बाबा म्हणायचे, "रूपानं फोटो काढले, इचारा तिले." मी दर वेळी विषय बदलायचे.

हर्णैला त्या सकाळी ते पाण्यात उतरले होते आणि मला फोटोत होड्यांची रांग मोकळी हवी होती. मी ओरडले, "बाबा, बाजूले व्हा!"

"मी दिसलो तं समुद्र कमी होईन का वं?" असं म्हणत ते सरकले. मी त्यांना तीनदा सरकवलं.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या बॅनरसाठी नेटवरचा एखादा रिकामा समुद्र पाठव. स्टुडिओवाला बाबाले त्यात उभं करून देते." मला निवडायला वेळ लागला नाही. माझ्या कार्डातले सगळेच रिकामे होते.

आज कारंज्याहून बॅनर आला. तुझ्या लग्नातला कोट घातलेले बाबा लाटांत उभे आहेत. मायनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "अशेच उभे होते का वं?"

मी हो म्हणाले. कॅमेऱ्यावरून डोळा काढून मी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, हे तिला सांगता आलं नाही. तुला लिहिलं, पण हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही.

तुझ्याशी खोटं बोललेली,
रूपा